पिंपरी-चिंचवड ते चाकण : पृष्ठभाग-प्रक्रियेचा इतिहास

पृष्ठभाग-प्रक्रिया म्हणजे वस्तूचा गाभा तसाच ठेवून तिची फक्त वरची कातडी बदलण्याचे काम. पिंपरी, चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण या पट्ट्यात हे काम साठ वर्षे चालत आले आहे. आधी ते लोखंडी पत्र्यावर होत असे, पुढे प्लॅस्टिकच्या बंपरवर होऊ लागले. याच विद्येची सर्वांत नाजूक शाखा म्हणजे शरीरात विरून जाणाऱ्या पॉलिमरवरची प्लाझ्मा-प्रक्रिया. ती कारखान्यांपेक्षा प्रयोगशाळांत वाढली. पण तिच्यापुढचा प्रश्न चाकणच्या रंगशाळेतल्या प्रश्नाचाच भाऊ आहे. पट्ट्याचा इतिहास लिहिताना इंजिने, संप आणि पगारवाढीचे करार यांची नोंद होते, पृष्ठभागाची क्वचितच. वास्तविक गाडी पंधरा वर्षे टिकते की दोन पावसाळ्यांत गंजते, आणि हाडात बसवलेला तुकडा शरीर आपला मानते की परका, हे दोन्ही फार पातळ थरावर ठरते.

पट्ट्याची ओळख आज मोटारींमुळे असली तरी इथल्या सुरुवातीच्या मोठ्या कारखान्यांपैकी एक बुरशीवर चालणारा होता. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीत उभी राहिली, आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथेच शोधलेल्या बुरशीनाशक प्रतिजैविकाला १९६१ मध्ये कंपनीच्या नावावरूनच हॅमायसिन असे नाव मिळाले. मोठमोठ्या टाक्यांत जिवंत पेशी वाढवायच्या, हवा-पाणी निर्जंतुक राखायचे, एका परक्या जंतूच्या शिरकावाने अख्खी टाकी वाया जाते हे जाणून काम करायचे, ही शिस्त पिंपरीने स्कूटरच्या आधी शिकून घेतली होती. जैववैद्यकीय कामाचा विषय निघाला की पट्ट्याला ते सगळे नवे आहे असे धरून चालतात. ते बरोबर नाही.

यंत्रांचे युग त्यानंतर लगेच आले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर भूखंड पडू लागले. आकुर्डीत बजाज ऑटो आणि बजाज टेम्पो, चिंचवडला १९६५ मध्ये एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना, १९६६ पासून टेल्कोचा पुणे प्रकल्प, अशी रांग लागली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. मोठे कारखाने सगळे भाग स्वतः बनवत नसत. ब्रॅकेट, पाइप, टाकीचे झाकण, सीटची चौकट असे शेकडो भाग भोसरी-चिंचवडच्या लहान शेडमधून येत. भाग एका शेडमध्ये दाबला जाई, दुसऱ्या शेडमध्ये वेल्ड होई आणि तिसऱ्या शेडमध्ये त्यावर ‘ट्रीटमेंट’ होई. ही तिसरी शेड म्हणजे पट्ट्यातल्या पृष्ठभाग-व्यवसायाचे मूळ घर.

तिथे जे चाले त्याचा पाया इंग्लंडमध्ये घातला गेला होता. बर्मिंगहॅमच्या थॉमस कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये लोखंडावर फॉस्फेटचा थर चढवून गंज रोखण्याचे पेटंट घेतले. पट्ट्यात ही प्रक्रिया ‘सेव्हन टँक’ या नावाने रुळली. पहिल्या टाकीत गरम अल्कलीने तेल-ग्रीस काढायचे, दुसरीत पाण्याने धुवायचे, तिसरीत आम्लाने गंज काढायचा, चौथीत पुन्हा धुवायचे, पाचवीत फॉस्फेट चढवायचे, सहावीत धुवायचे आणि सातवीत पॅसिव्हेशन करून थर पक्का करायचा. मग जॉब ओव्हनमध्ये वाळतो आणि रंगाला किंवा पावडर कोटिंगला जातो. पाचव्या टाकीतला राखाडी थर स्फटिकांचा असतो. त्या खडबडीत स्फटिकांत रंगाला पकड मिळते. टाकीची तब्येत रोज तपासावी लागते. बाथमधले १० मिलीलिटर द्रावण चंचुपात्रात घ्यायचे, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन-चार थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडत गुलाबी रंग येईपर्यंत थांबायचे. जितके मिलीलिटर लागले तितका ‘पॉइंट’. टोटल ॲसिडचे हे पॉइंटेज आणि फ्री ॲसिडचे वेगळे पॉइंटेज वहीत लिहिल्याशिवाय पाळी सुरू होत नाही. रसायनशास्त्राचा एकही वर्ग न केलेल्या कित्येक कामगारांनी ही मापनविद्या हाताने कमावली आहे.

याच शेडमध्ये एक साधी कसोटी रोज वापरली जाते. ग्रीस काढलेला जॉब पाण्यातून उचलून तिरपा धरायचा. पाण्याचा पडदा सलग राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ, आणि पडदा तुटून थेंब-थेंब झाले तर तेल अजून शिल्लक आहे. तिला वॉटर ब्रेक टेस्ट म्हणतात. पुढे ज्या संपर्क-कोनाबद्दल प्रयोगशाळांत निबंध लिहिले गेले, तोच कोन इथे नुसत्या डोळ्यांनी वाचला जातो. थॉमस यंग यांनी द्रव, घन आणि हवा यांच्या ओढाताणीतून थेंबाचा कोन कसा ठरतो हे १८०५ मध्ये मांडले होते.

या कामाची किंमत नद्यांनी मोजली. जस्ताच्या मुलाम्यावर पिवळी चमक आणणारे पॅसिव्हेशन षट्संयुजी क्रोमियमवर चालत असे, आणि ते कर्करोगकारक आहे. धुण्याच्या टाक्यांचे पाणी शेवटी नाल्यांतून पवना आणि इंद्रायणीकडे वाहत गेले. आळंदीजवळ इंद्रायणीवर तरंगणारा फेस हा घरगुती सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी यांचा एकत्रित परिणाम आहे. बदल आला तो मुख्यतः परदेशी ग्राहकांच्या दबावाने. युरोपीय संघाने २००० साली जुन्या वाहनांच्या विल्हेवाटीविषयी निर्देश काढला आणि त्यानुसार २००७ पासून नव्या गाड्यांच्या भागांत षट्संयुजी क्रोमियम चालेनासे झाले. निर्यात करणाऱ्या कंपन्यांनी तीच अट भोसरीच्या शेडपर्यंत पोहोचवली आणि त्रिसंयुजी क्रोमियमचे बाथ आले. नदीकाठच्या गावांच्या तक्रारींना जे साधले नाही ते एका निर्यात-अटीने साधले, ही गोष्ट या पट्ट्याच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

दरम्यान लोखंडाची जागा प्लॅस्टिक घेऊ लागले होते. क्रोमचा मुलामा दिलेले पोलादी बंपर गेले, काळे प्लॅस्टिकचे बंपर आले, आणि १९९० च्या दशकापासून गाडीच्या रंगाचेच बंपर ग्राहकाला हवेसे झाले. इथे जुनी विद्या अडली. बंपर पॉलिप्रॉपिलीन आणि रबराच्या मिश्रणाचा असतो. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्यांत कार्बन आणि हायड्रोजनखेरीज काही नसते. रंगाच्या रेणूंना धरायला तिथे हात नसतो. त्यावर पाणी अळवावरच्या पाण्यासारखे गोळा होऊन ओघळते. द्रव पसरण्यासाठी घनाची पृष्ठीय ऊर्जा पुरेशी जास्त असावी लागते. पॉलिप्रॉपिलीनची ती साधारण ३० डाइन प्रति सेंटिमीटर असते, पाण्याचा पृष्ठताण ७२ च्या वर आणि रंग नीट बसायला निदान ३८ ते ४२ डाइनची कातडी लागते. या ८-१२ डाइनच्या फरकासाठी एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला.

तोडगे १९५० च्या दशकातच निघाले होते. क्रायडल यांनी पॉलिथिलीनवर ज्योत फिरवून त्यावर शाई बसवण्याची पद्धत काढली. डेन्मार्कच्या व्हर्नर आइस्बी यांनी १९५१ मध्ये विजेच्या कोरोना विसर्जनातून प्लॅस्टिकची फिल्म पार करण्याची पद्धत बसवली. दुधाच्या पिशवीवरची छपाई आजही त्याच कोरोनाच्या जोरावर टिकते. वाकड्यातिकड्या बंपरला मात्र सपाट फिल्मसाठीचा कोरोना उपयोगी पडत नाही. त्यासाठी ज्योत बरी. रोबोच्या हातात गॅसचा बर्नर असतो आणि निळी ज्योत ठरावीक अंतरावरून, ठरावीक वेगाने बंपरच्या अंगावरून जाते. कोणत्याही एका जागेला ती सेकंदाच्या अंशापुरतीच लागते. तेवढ्यात ज्योतीतले क्रियाशील ऑक्सिजन-घटक वरच्या काही नॅनोमीटरमध्ये घुसून तिथे हायड्रॉक्सिल, कार्बोनिल आणि कार्बोक्सिल गट बसवतात. रंगाला धरायला हात मिळतो.

ज्योत कमी पडली तर रंग सुटतो. जास्त लागली तरी सुटतो, कारण अति जळलेला थर स्वतःच तुटक्या रेणूंचा भुसा होऊन जातो. म्हणून लाइनवर दोन तपासण्या होतात. पहिली डाइन पेनची. ठरावीक पृष्ठताणाची शाई भरलेल्या पेनाने रेघ ओढायची. दोन सेकंद रेघ सलग राहिली तर भाग त्या अंकाला पास, थेंबांत फुटली तर फेल. दुसरी तपासणी रंग भाजून निघाल्यावर होते. तिला क्रॉसहॅच म्हणतात. धारदार पात्याने ११ उभ्या आणि ११ आडव्या रेघा मारून १०० छोटे चौकोन करायचे, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबायची आणि एका झटक्यात ओढून काढायची. पट्टीबरोबर एकही चौकोन निघता कामा नये. निघालाच तर त्या पाळीचा सगळा माल थांबतो आणि बर्नरपासून प्रायमरपर्यंत उलटा शोध सुरू होतो.

चाकणच्या वाढीमुळे हे काम मोठ्या प्रमाणावर आले. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. मर्सिडीज-बेंझने १९९० च्या दशकात टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारात गाड्या जोडायला सुरुवात केली होती. तिचा स्वतःचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये उघडला. त्याच वर्षी फोक्सवॅगन आली आणि पुढच्या वर्षी महिंद्र. त्यांच्यामागोमाग बंपर, डॅशबोर्ड, हेडलॅम्प बनवणारे पुरवठादार आले. हेडलॅम्पने एक नवी गरज निर्माण केली. त्याची काच पॉलिकार्बोनेटची आणि मागची पेटी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची. दोन्ही गोंदाने जोडायच्या, आणि सांधा इतका पक्का हवा की पावसाळ्यात आत बाष्प शिरू नये. पेटीच्या काठावरची खाच जेमतेम बोटभर रुंद. तिथे उघडी ज्योत बेभरवशाची ठरते. या ठिकाणी वातावरणीय दाबावर चालणारा प्लाझ्माचा झोत कामाला आला.

प्लाझ्मा म्हणजे वायूला इतकी ऊर्जा देणे की त्यातले काही इलेक्ट्रॉन सुटे व्हावेत. इलेक्ट्रॉन, आयन, उत्तेजित रेणू, अतिनील प्रकाश असे सगळे त्यात एकत्र असते. विल्यम क्रुक्स यांनी १८७९ मध्ये विरळ वायूच्या नळीतल्या या अवस्थेचे वर्णन केले आणि अर्विंग लँगम्युर यांनी १९२८ मध्ये तिला प्लाझ्मा हे नाव दिले. पॉलिमरच्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा गुण असा, की शीत प्लाझ्मात इलेक्ट्रॉनचे तापमान हजारो अंश असले तरी वायू जवळजवळ खोलीच्या तापमानाचाच राहतो. त्यामुळे प्लॅस्टिक वितळत नाही आणि रासायनिक काम मात्र होते. बेल प्रयोगशाळेतल्या हॅन्सन आणि शॉनहॉर्न यांनी १९६६ मध्ये निष्क्रिय वायूच्या प्लाझ्मानेसुद्धा पॉलिथिलीनचा पृष्ठभाग घट्ट आणि चिकटण्याजोगा होतो हे दाखवले. निर्वात कक्षाची गरज नसलेले झोत १९९० च्या दशकात जर्मनीत उद्योगासाठी तयार झाले आणि वाहन उद्योगाबरोबर जगभर गेले.

महाराष्ट्रात याचा अभ्यास कारखान्यांच्या बरोबरीने, पण त्यांच्यापासून थोडा दूर, चालू होता. मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटीमध्ये, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीमध्ये, एन. व्ही. भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लाझ्माने पॉलिप्रॉपिलीनची चिकटण्याची क्षमता कशी वाढते यावर २००२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. राजेंद्र देशमुख आणि भट यांनी २००३ मध्ये प्लाझ्मा दिलेल्या पीईटी फिल्मवर छपाई का धरते याची मीमांसा केली. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सुधा भोरसकर यांच्या गटाने सूक्ष्मलहरी आणि चुंबकीय क्षेत्र यांनी पेटवलेल्या, ईसीआर नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्लाझ्मावर काम उभे केले. ऑक्सिजनचा असा प्लाझ्मा पॉलिइमाइडवर काय करतो हे त्यांनी २००४ मध्ये मांडले. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने तर १९९७ मध्येच उद्योगांसाठी स्वतंत्र केंद्र काढले होते. चाकणमधला डाइन पेन आणि पुणे विद्यापीठातली प्रयोगशाळा एकच राशी मोजत होत्या.

शरीरात विरणाऱ्या पॉलिमरचा इतिहास वेगळ्या दिशेने येतो. वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३२ मध्ये पॉलिलॅक्टिक आम्ल बनवले, पण ते ओलाव्याने तुटते म्हणून कपड्याला किंवा भांड्याला निरुपयोगी ठरले. तीस-पस्तीस वर्षांनी शल्यविशारदांना नेमका तोच दोष गुण वाटला. पॉलिलॅक्टिक आम्लाचे शस्त्रक्रियेसाठी रोपण करण्याविषयीचा पायाभूत निबंध १९६६ मध्ये अमेरिकेतल्या ‘आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी’त आला. काम वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी वैद्यकीय केंद्रातल्या प्रयोगशाळेचे होते आणि लेखकांच्या यादीत पहिले नाव आर. के. कुलकर्णी यांचे आहे. मराठी वाचकाला हे नाव माहीत असायला हवे. या विषयावरच्या संदर्भसूच्या आजही त्याच्यापासून सुरू होतात. प्राण्यांच्या शरीरात हे द्रव्य हळूहळू तुटते, ऊतींना त्रास देत नाही आणि त्यापासून सुटणारे लॅक्टिक आम्ल शरीर पचवते, हे त्यात दाखवले होते. १९७० च्या सुमारास पॉलिग्लायकोलिक आम्लाचा डेक्सॉन धागा बाजारात आला आणि १९७४ मध्ये व्हिक्रिल. टाके काढायला पुन्हा दवाखान्यात जावे लागत नाही, यामागे हे रसायन आहे.

धाग्याने जखम धरून ठेवली की त्याचे काम संपते. त्याच्यावर पेशी वाढाव्यात अशी अपेक्षा नसते. ही अपेक्षा १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली. ऊती अभियांत्रिकी हे नाव १९८७ पासून रुळले आणि रॉबर्ट लँगर व जोसेफ व्हॅकँटी यांच्या १९९३ च्या लेखाने त्याला घडीव रूप दिले : विरणाऱ्या पॉलिमरचा सच्छिद्र सांगाडा करावा, त्यावर रुग्णाच्या पेशी पेराव्यात, पेशींनी आपली ऊती विणावी आणि तोवर सांगाड्याने विरून जावे. १९९७ मध्ये उंदराच्या पाठीवर वाढवलेल्या माणसाच्या कानाच्या आकाराचे छायाचित्र जगभर गाजले; त्यातला सांगाडा पॉलिग्लायकोलिक आणि पॉलिलॅक्टिक आम्लांचा होता आणि पेशी गाईच्या कूर्चेच्या.

अडचण पुन्हा पृष्ठभागाचीच निघाली. पेशी प्लॅस्टिकला थेट धरत नाही. आधी द्रवातली प्रथिने पृष्ठभागावर बसतात, त्यांत फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन ही पकड देणारी प्रथिने असतात, आणि पेशी आपल्या इंटेग्रिनने त्या प्रथिनांतला ठरावीक तुकडा पकडते. आर्जिनिन-ग्लायसिन-ॲस्पार्टिक आम्ल असा तो तीन दुव्यांचा तुकडा पिअर्शबाखर आणि रुओस्लाहती यांनी १९८४ मध्ये ओळखला. पृष्ठभाग फार जलविरोधी असेल तर प्रथिने वेडीवाकडी चेपून बसतात आणि हा तुकडा झाकला जातो. फार जलस्नेही असेल तर प्रथिने नीट बसतच नाहीत. मधला पट्टा साधावा लागतो. पेशी वाढवणाऱ्यांना हे अनुभवाने कळले होते. जिवाणूंसाठीच्या साध्या पॉलिस्टायरीनच्या बशीत प्राणिपेशी पसरत नाहीत. तीच बशी दीप्त विसर्जनाखाली, म्हणजे प्लाझ्माखाली, धरली की पसरतात, हे १९७५ मध्ये व्यवस्थित नोंदवले गेले.

पुण्यात १९८६ मध्ये प्राण्यांच्या पेशी-ऊती जोपासण्याची राष्ट्रीय सुविधा स्थापन झाली आणि पुढे तिचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, झाले. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींच्या वाणांचा पुरवठा तिथून होतो. त्या पेशी ज्या चपट्या फ्लास्कमध्ये वाढतात त्यांच्या तळाला प्लाझ्मा किंवा कोरोना दिलेला असतो. फ्लास्कवर तशी सूचना छापलेली असते आणि ती वाचणाऱ्याला बहुधा बंपर आठवत नाही.

विरणाऱ्या पॉलिमरपैकी पॉलिलॅक्टिक आम्ल आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन यांवर प्लाझ्माचे काम सर्वाधिक झाले. पॉलिलॅक्टिक आम्लाच्या सपाट पापुद्र्यावर पाण्याचा संपर्क-कोन साधारण ७५ ते ८० अंश येतो. पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या विद्युतकताईने विणलेल्या जाळीवर तो १२० च्याही पुढे जातो. असा नमुना निर्वात कक्षात ठेवायचा, दाब वातावरणाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उतरवायचा, हवा असलेला वायू सोडायचा आणि बहुधा १३.५६ मेगाहर्ट्झच्या विद्युतक्षेत्राने तो पेटवायचा. कक्षात मंद प्रकाश दिसतो. काही सेकंद ते काही मिनिटे एवढाच वेळ. ऑक्सिजन किंवा हवेने कार्बोक्सिल आणि हायड्रॉक्सिल गट बसतात, अमोनिया किंवा नायट्रोजनने अमाइन गट बसतात, आणि आरगॉनने सुटे मूलक तयार होतात जे बाहेर काढल्यावर हवेतला ऑक्सिजन पकडतात. अमाइन गटांवर शरीरातल्या आम्लतेत धन प्रभार येतो, म्हणून ऋण प्रभाराची प्रथिने त्यांवर चांगली बसतात. किती गट बसले हे क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटाने कळते. ती पद्धत काई सीगबान यांची, त्यांना १९८१ मध्ये नोबेल मिळाले. आतला गाभा, त्याची ताकद, विरण्याचा एकूण काळ हे जवळजवळ जसेच्या तसे राहते. द्रावणे वापरून केलेल्या रासायनिक प्रक्रियेत हे साधत नाही. तिथे कॉस्टिक पॉलिमरला आतपर्यंत खाते आणि द्रावणाचे अंश मागे राहतात.

तरी प्लाझ्मा निर्दोष नाही. पहिला दोष म्हणजे परिणाम टिकत नाही. बसवलेले ध्रुवीय गट हवेकडे तोंड करून राहायला नाखूश असतात. साखळ्या हळूहळू वळतात, गट आत जातात आणि संपर्क-कोन पुन्हा चढतो. किती लवकर, हे पॉलिमरच्या काचसंक्रमण तापमानावर अवलंबून असते. पॉलिलॅक्टिक आम्लाचे ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणून खोलीच्या तापमानाला त्याच्या साखळ्या बऱ्याच गोठलेल्या असतात. पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे उणे ६० च्या आसपास. त्याच्या साखळ्या सदैव हलत्या, म्हणून त्याची कातडी लवकर पूर्ववत होऊ पाहते. पॉलिप्रॉपिलीनही खोलीच्या तापमानाला हलतेच असते, आणि म्हणून ज्योत दिलेला बंपर रंगशाळेत रेंगाळू देत नाहीत. चाकणमध्ये हा नियम उत्पादनाचा आहे, प्रयोगशाळेत तो प्रयोगाच्या वेळापत्रकाचा : प्लाझ्मा दिल्यावर नमुना लगेच पेशी-द्रवात घालायचा, पाण्याखाली ठेवायचा किंवा त्यावर कोलॅजन वा दुसरे प्रथिन रासायनिक बंधाने बांधून टाकायचे. दुसरा दोष असा की प्लाझ्माने वरच्या साखळ्या तुटतात. त्या तुकड्यांची साल पाण्यात सुटून जाते आणि धुऊन न घेता मोजमाप केले तर फसवा आकडा मिळतो.

तिसरी अडचण सांगाड्याच्या आकाराची. बंपरला एकच बाहेरची बाजू असते. सांगाड्याची खरी कातडी त्याच्या छिद्रांच्या भिंती असतात. प्लाझ्मातले क्रियाशील कण भिंतीवर आदळत-आदळत खर्च होतात आणि काही मिलिमीटर जाडीच्या ठोकळ्याच्या मध्यापर्यंत पोहोचत नाहीत. मग पेशी बाहेरच्या अंगाला दाटी करतात आणि मध्य रिकामा राहतो. वायू छिद्रांतून जोराने वाहवणे, दाब कमी ठेवणे, किंवा आधी तंतूंना प्लाझ्मा देऊन मग त्यांचा सांगाडा रचणे हे उपाय आहेत; त्रिमितीय छपाईत एकेक थर छापताना प्लाझ्मा फिरवण्याचेही प्रयोग होतात.

पुणे परिसरात या सगळ्याचे घटक विखुरलेले आहेत. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि पॉलिमर विज्ञान हे तिचे बलस्थान राहिले. तिथे व्ही. प्रेमनाथ यांच्या गटाने चेहऱ्याच्या हाडांसाठी सच्छिद्र पॉलिथिलीनची रोपणे विकसित केली. ती विरणारी नाहीत, पण छिद्रांत ऊती वाढवण्याचा विचार तोच आहे. प्रयोगशाळेच्या आवारात २००७ मध्ये व्हेंचर सेंटर सुरू झाले. अनुया निसळ आणि सहकाऱ्यांनी उभारलेली सेरिजेन ही कंपनी रेशमाच्या फायब्रॉइन प्रथिनापासून हाडाच्या पोकळीत भरायचे सांगाडे बनवते. रेशमाचे तंतूही शरीरात विरतात. पट्ट्याच्या घाटाकडच्या टोकाला, लोणावळ्यात, रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चा आणि हाडाच्या पेशी वाढवून परत देणाऱ्या रीग्रो कंपनीच्या उपचारांना २०१७ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. खुद्द पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात पुनरुज्जीवक वैद्यकाची प्रयोगशाळा आहे, आणि एनसीसीएसमध्ये दीर्घकाळ काम केलेले रमेश भोंडे विद्यापीठाच्या संशोधनाची धुरा सांभाळायला तिथे आले. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये मोटारींच्या भागांसाठी रॅपिड प्रोटोटायपिंगची यंत्रे आहेत. पेशी जाणणारे, पॉलिमर जाणणारे आणि पृष्ठभाग जाणणारे असे तिन्ही लोक तासाभराच्या अंतरावर आहेत. त्यांची गाठभेट मात्र कारखाना आणि प्रयोगशाळा यांच्या जुन्या अंतरामुळे फार थोडी झाली, आणि हे नुकसान दोन्ही बाजूंचे आहे. पॉइंटेजची वही, डाइनचा आकडा, बॅचनिहाय नोंद आणि रिजेक्शनचा उलटा शोध ही भोसरी-चाकणची शिस्त वैद्यकीय सांगाड्यांना हवीच असते. प्रयोगशाळेत एक नमुना चांगला निघतो. हजारावा नमुना तसाच काढण्याची कला शेडमध्ये आहे.

कायद्याची चौकटही आता तशी मागणी करते. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांत शरीरात राहणाऱ्या किंवा शोषल्या जाणाऱ्या रोपणांना जोखमीच्या वरच्या वर्गांत धरले जाते आणि उत्पादनाच्या प्रत्येक पायरीची पडताळणी दाखवावी लागते. प्लाझ्मा दिलेल्या रोपणाला त्यामुळे कोणता वायू, किती दाब, किती वेळ, प्रक्रियेनंतर किती दिवस साठवण आणि निर्जंतुकीकरणानंतर पृष्ठभाग कसा राहिला, ही सगळी उत्तरे जवळ ठेवावी लागतात. गॅमा किरणांनी पॉलिलॅक्टिक आम्लाच्या साखळ्या तुटतात आणि वाफेच्या उष्णतेने ते मऊ पडते, म्हणून इथिलीन ऑक्साइडसारखा मार्ग निवडावा लागतो आणि त्याचे अंश उरले नाहीत हे पुन्हा सिद्ध करावे लागते.

कच्च्या मालाची बाजू अलीकडे हलू लागली आहे. पॉलिलॅक्टिक आम्लाची सुरुवात साखरेच्या किण्वनाने होते, आणि ऊस पुणे जिल्ह्यात मुबलक आहे. हिंजवडीच्या प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीला जैवपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. त्यात लॅक्टिक आम्ल, त्यापासून लॅक्टाइड आणि त्यापासून पॉलिलॅक्टिक आम्ल अशी सगळी साखळी आहे. हे पॉलिमर प्रामुख्याने वेष्टने आणि एकदा वापरायच्या वस्तूंसाठी आहे. वैद्यकीय दर्जासाठी पुढे आणखी शुद्धीकरण लागते : बहुलीकरणात वापरलेल्या कथिलाच्या उत्प्रेरकाचे अंश अगदी खाली आणावे लागतात, न जुळलेले लॅक्टाइड काढून टाकावे लागते, आणि साखळीची लांबी दर बॅचला ठरल्या मर्यादेत राहावी लागते, कारण विरण्याचा काळ तिच्यावर ठरतो. प्लाझ्माची पायरी त्यानंतर येते.